माळ्यावरची भांडी

पहिल्या रात्री माझ्या नव्या घरात एकूण भांडी होती तीन. चहाचं एक अॅल्युमिनियमचं पातेलं, हॉस्टेलच्या दिवसांपासून टिकून राहिलेला एक स्टीलचा डबा आणि कुठल्याशा प्रेस कॉन्फरन्समध्ये मिळालेला एक मग, ज्यावर सिमेंटची जाहिरात आहे. त्यातल्या पातेल्यात दूध उतू घालवायचं, हे आईने फोनवर तीनदा बजावलं होतं. नव्या घरात आधी दूध उतू गेलं पाहिजे, आणि पूर्वेकडे गेलं तर उत्तमच. आता पूर्व कुठली? मोबाइलवर कंपास उघडला, शेगडीकडे पाठ करून खिडकीपाशी गेले, आणि तेवढ्यात मागे फस्सकन आवाज आला. दूध पूर्वेला गेलं की पश्चिमेला, देव जाणे! ओटा पुसायला फडकंही नाही हे तेव्हा लक्षात आलं. शेवटी एका जुन्या टी-शर्टने मी माझा गृहप्रवेश पुसून काढला.

घर म्हणजे सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. भाड्याचा. आतापर्यंत हॉस्टेल, मग तीन मुलींमध्ये एक फ्लॅट, मग कुणाच्या तरी घरी पेइंग गेस्ट असा प्रवास झाला होता. पण ‘माझं स्वयंपाकघर’ म्हणावं असं काही हे पहिल्यांदाच. गंमत सांगू? ‘दोन हजारांत सजवा हॉल’, ‘छोट्या किचनसाठी दहा आयडिया’ असले लेख मी गेली काही वर्षं नियमितपणे लिहितेय. तुमच्यापैकी कुणीतरी ते वाचून भिंतीला जुन्या बाटल्या टांगल्याही असतील. त्या सगळ्या काळात माझ्याकडे टांगायला भिंतच नव्हती, हे आज कबूल करते.

तर भांडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीला फोन लावला. म्हटलं, “आई, माळ्यावरच्या ट्रंकेतली थोडी भांडी पाठव ना. एसटीच्या पार्सलने येतील.”

पलीकडे मिक्सर बंद झाला.

“ती लग्नातली आहेत,” आई म्हणाली.

“पण माझं लग्न कुठे ठरलंय?”

“म्हणूनच तर माळ्यावर आहेत.”

ज्यांच्या घरी असा माळा नाही त्यांच्यासाठी सांगते. मी सहावीत असल्यापासून आई माझ्या लग्नाची भांडी जमवतेय. आमच्या गल्लीत बायकांची भांड्यांची भिशी होती. महिन्याला ठरावीक पैसे जमा करायचे आणि जिचं नाव निघेल तिने दुकानात जाऊन भांडं घ्यायचं. शिवाय दिवाळीच्या आधी घरातली चेपलेली, गळकी भांडी मोडीत द्यायची आणि वर थोडे पैसे घालून नवं काहीतरी आणायचं. अशी करत करत ती ट्रंक भरली. एकात एक बसणारी पाच पातेली, सहा ताटं, बारा वाट्या, परात, मसाल्याचा डबा, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, झाकणावर पकड असलेले चपटे डबे. एकेक भांडं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मे महिन्यात एकदा सगळं खाली उतरायचं, पुसलं जायचं, ताज्या वर्तमानपत्रात गुंडाळून परत वर. लहानपणी मी जुने कागद वाचत बसायचे. त्या भांड्यांत एकदाही काही शिजलेलं मी पाहिलेलं नाही. पाहुणे कितीही आले, ताटं कमी पडली, तरी शेजारून आणायची पण माळ्यावरची काढायची नाहीत!

मी थोडी चिडलेच. म्हटलं, “मग मी जेवू कशात? घर आहे आता माझं.”

“घर कुठाय अजून? बिऱ्हाड आहे ते. अकरा महिन्यांचं.”

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मी त्या सिमेंटच्या मगातून गार चहा पीत बसले. ‘बिऱ्हाड’ हा शब्द तसा वाईट नाही. आजोबा तर ‘अमक्याचं बिऱ्हाड अमुक वाड्यात’ असं कौतुकानेच सांगायचे. पण आईने तो शब्द ज्या सुरात म्हटला, त्यात विंचू होता आणि त्याची पाठही होती.

अकरा महिन्यांचं म्हणाल तर तेही खरंच. एक वर्षाच्या आतला करार करायची आपल्याकडे सवयच पडून गेलीय. अनेकांना वाटतं, की अकरा महिन्यांचा म्हणजे रजिस्टर करायला नको. तसं नाही हं! महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच असावा लागतो, मग मुदत कितीही असो. आणि ती जबाबदारी घरमालकाची. मला हे माहीत होतं कारण त्यावर मी एक लेख लिहिला होता, आणि तेवढं एकच ज्ञान घर शोधताना कामी आलं. बाकी ‘सॅलरी स्लिप दाखवा’, ‘एकट्याच राहणार?’, ‘मित्रबित्र येणार का?’ हे सगळं झालं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. शेवटी ज्यांनी घर दिलं त्या मालकांची एकच अट होती. भिंतीला एकही खिळा ठोकायचा नाही.

म्हणजे माझ्या सगळ्या लेखांवर पाणी.

पगार महिन्याच्या एक तारखेला येत नसेल तर भांडी हप्त्याहप्त्याने जमवावी लागतात. एका मासिकाचा चेक आला की कुकर, दुसरा आला की कढई. दर शनिवारी बस पकडून शहरात जायचं, बोहरी आळीपासून सुरुवात करायची आणि तुळशीबागेत संपवायचं, असा माझा कार्यक्रमच ठरून गेला. मधे मंडई. १८८६ साली उघडलेली ही इमारत आधी रे मार्केट होती, नंतर महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. मी तिच्या वास्तुशैलीवर चारशे शब्द लिहिले होते कधीकाळी. पण तिथे पावशेर मिरच्या मागितल्यावर भाजीवाल्या मावशी आपल्याकडे कशा बघतात हे त्या चारशे शब्दांत नव्हतं. “एकटी आहेस व्हय? मग पावशेर काय करणारेस? सडतील. दहाच्या घे.” एकट्या माणसाने किती मिरच्या घ्याव्यात याचं इतकं व्यवहारी मार्गदर्शन मला कुठल्याही मॅगझिनमध्ये मिळालेलं नाही.

खिळा चालत नाही म्हटल्यावर बुरूड आळीतून मी बांबूच्या टोपल्या आणल्या आणि एक सात पायऱ्यांची लहानशी शिडी बनवून घेतली. शिडी भिंतीला नुसती टेकवायची. वरच्या पायरीवर टॉवेल, मधल्यांवर ओढण्या आणि मासिकं, खालच्या पायरीला कांदे-बटाट्यांची टोपली दोरीने बांधलेली. मालक भाडं घ्यायला आले, तेव्हा शिडीकडे बघून त्यांनी आधी भिंत तपासली, मग म्हणाले, “हे बरंय.” माझ्या इंटिरियर करिअरमधली ही सर्वोच्च दाद!

सगळ्यात जास्त जीव खाल्ला बिडाच्या तव्याने. नॉनस्टिक घ्यायचं नाही, असा माझा फंडा होता. आमच्या घरी बिडाचा तवा आहे, आजीच्या वेळचा, काळाकुळकुळीत, त्यावरून धिरडं नुसतं फुंकर मारली तरी सुटतं. मी बोहरी आळीतून तसाच जड तवा आणला, घासला, पीठ ओतलं... आणि धिरडं तव्याला जे चिकटलं ते खरवडून काढेपर्यंत रात्रीचे दहा वाजले. पुढच्या शनिवारी तवा परत करायच्या तयारीने दुकानात गेले, तर दुकानदार काका हसायलाच लागले. “ताई, तवा कोरा आहे तुमचा. आधी त्याला पोसा.”

पोसा म्हणजे काय? तर तवा धुवायचा, गॅसवर पूर्ण कोरडा करायचा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा, आणि धूर येईपर्यंत तापू द्यायचा. गार झाला की परत तेच. तेल तापून तापून त्याचा एक कडक, गुळगुळीत थर बसत जातो, आणि मग पदार्थ लोखंडाला चिकटत नाही, त्या थरावरून सरकतो. जाड थर एकदम द्यायला गेलात तर चिकट राळ होते (केलंय, म्हणून सांगते). काकांनी वर सांगितलं, पहिले आठ दिवस त्यावर फक्त कांदा परता, तेल भरपूर घालून, आणि साबण लावू नका. मग आठ दिवस मी कांदाच खाल्ला. कांदापोहे, कांद्याचं पिठलं, कांदा-टोमॅटो. नवव्या दिवशी धिरडं टाकलं. कडा सुटली, मधे जरा अडलं, पण आख्खं निघालं. रात्री अकरा वाजता त्याचा फोटो मी तीन मैत्रिणींना पाठवला. एकीने ‘डोसा?’ असं विचारलं. ती आता माझ्या यादीतून बाद आहे.

पाककृतींची पंचाईत वेगळीच. आईला फोन करून विचारावं तर सगळ्याचं उत्तर एकच, “अंदाजाने घाल.” अहो, पण अंदाज असता तर फोन कशाला केला असता? शेवटी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ‘रुचिरा’ आणलं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं, आणि लग्न होऊन परगावी जाणाऱ्या कितीतरी मुलींच्या बॅगेत ते गेलं. त्याचं मोठेपण असं, की त्यात मापं वाटी-चमच्याची आहेत. इतक्या वाट्या तांदूळ, इतके चमचे तिखट. काटा नको, ग्रॅम नको, ‘अंदाज’ही नको. मी आनंदाने पुस्तक ओट्यावर उघडून ठेवलं आणि लक्षात आलं, की माझ्याकडे वाटीच नाही. बारा वाट्या सांगलीत माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या! त्या दिवशी मी सिमेंटच्या मगाची अर्धी पातळी म्हणजे एक वाटी असं ठरवलं. माझी मुगाची खिचडी आजही सिमेंटच्या मापातच होते, आता वाट्या असल्या तरी. सवय.

दह्यापायी मात्र माझी शेजाऱ्यांशी ओळख झाली. तोपर्यंत जिन्यात सगळे माझ्याकडे ‘ती वरची एकटी राहते ती’ असं बघायचे. आई म्हणाली, विरजण विकतच्या दह्याचं लावू नकोस, कुणाकडून तरी मागून आण, घरचं विरजण घरोघर फिरतं. (विकतच्या साध्या दह्यानेही दही उत्तम लागतं, मी नंतर करून पाहिलं. पण आईला सांगितलेलं नाही.) मी धीर करून खालच्या काकूंकडे गेले, हातात चहाचं पातेलं, संध्याकाळी सात वाजता. काकूंनी दार उघडलं, ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, “दिवेलागण झाली की दही देत नाहीत. सकाळी ये.” दार बंद! मला वाटलं, टाळलं. पण सकाळी सव्वासातला त्याच वर आल्या, एका छोट्या वाटीत विरजण घेऊन.

ते मी उकळत्या दुधात घातलं. दही कसं लागतं याची सायन्सची माहिती मला होती हो, जिवाणू वगैरे. पण ते जिवंत असतात आणि भाजतात, हे डोक्यात शिरलं नव्हतं. दूध चाळीस अंशांच्या आसपास हवं, म्हणजे करंगळी बुडवली तर दहा मोजेपर्यंत सुखाने ठेवता यावी इतपत. दुसऱ्या वेळी दूध बरोबर होतं, पण डिसेंबरची पुण्याची थंडी होती. सकाळी दह्याला तार सुटलेली. तिसऱ्यांदा काकूंनी स्वतः सांगितलं, की भांडं कणकेच्या डब्यात खोचून ठेव. त्या दिवशी लागलं. कवडी पडलेलं, चमचा उभा राहील असं. दोन महिन्यांनी सायीला विरजण लावून लोणी काढायला लागले, तूप कढवताना विड्याचं पान टाकायला लागले, आणि खाली राहिलेली बेरी साखर घालून एकटीने खायला लागले. बेरीत वाटेकरी नाही, हा एकटं राहण्याचा एक मोठा फायदा आहे, आणि तो कुणी बोलून दाखवत नाही.

पण त्या वाटीचं राहिलंच. काकूंची वाटी रिकामी कशी परत करायची? घरात साखर होती, चिमूटभर साखर घालून दिली असती तरी चाललं असतं. मी जिद्दीने शिरा केला. त्यात गुठळ्या झाल्या. काकूंनी तो खाल्ला आणि चार दिवसांनी त्याच वाटीतून मेतकूट आलं. मग मी परत काहीतरी. ती वाटी अजून वर-खाली करतेय. नेमकी कुणाची, हे आता दोघींनाही सांगता येणार नाही.

मधल्या काळात आईचं आणि माझं बोलणं चालू होतं, पण भांड्यांचा विषय दोघी टाळत होतो. एकदाच ती म्हणाली, “आत्ता दिली आणि उद्या लग्न ठरलं, तर मी काय रिकाम्या हातांनी पाठवू?” मी म्हटलं, तेव्हा मी माझीच घेऊन जाईन की. ती गप्प झाली. मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, की प्रश्न भांड्यांचा नसावा. ट्रंक वर आहे तोवर माझं लग्न ‘व्हायचंय’. ती खाली उतरवून सिंहगड रोडला पाठवली, की तिच्या लेखी काहीतरी सोडून दिल्यासारखं होणार होतं. आणि खरं सांगायचं तर माझं लग्न होणार का, करायचं का, हे मलाही माहीत नाही. तिला कसं सांगू?

पंधरा दिवसांनी एसटीचं पार्सल आलं. मी धावत गेले. गाठोडं हातात घेतलं आणि कळलं, मऊ आहे. भांडी नव्हती, तिच्या जुन्या सुती साड्या होत्या, तीन. बरोबर चिठ्ठी : ‘थंडी फार आहे म्हणतेस. गोधडी शिव. नऊवारी असती तर दोन माणसांची झाली असती.’

गोधडीचं गणित सोपं आहे. पाचवारी साडी मधोमध दुमडली की अडीच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद होते. म्हणजे एका माणसाला बेतशीर. तीन साड्या, सहा पदर. जी सगळ्यात मऊ ती बाहेरच्या बाजूला, जिला ठिगळं आहेत ती आत. जमिनीवर अंथरून, सुरकुत्या काढून, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवायची (माझ्याकडे तवा आणि तीन डिक्शनऱ्या) आणि आधी मोठे कच्चे टाके घालून सगळं एकमेकांत पकडून घ्यायचं. मग कडेपासून धावदोरा सुरू. एक फेरी पूर्ण झाली की दोन बोटं आत सरकून दुसरी. चौकोनात चौकोन, चौकोनात चौकोन, मधे पोचेपर्यंत. कौशल्य काही लागत नाही, वेळ लागतो. लेख अडला की मी एक ओळ शिवायची. कॉम्प्युटरवरून उठून जमिनीवर बसायचं, दोरा ओवायचा. फोन स्पीकरवर टाकून मी दोन मुलाखतीसुद्धा गोधडी शिवताना घेतल्यात. समोरच्या साहेबांना सुईचा पत्ता नव्हता.

त्या तीनमधली एक साडी मोरपिशी होती, पदराला हळदीचा डाग असलेली. मी शाळेतून यायचे तेव्हा आई हीच नेसलेली असायची, म्हणजे मला तरी तसंच आठवतं. तो डाग मी मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवला.

फेब्रुवारीत नात्यातल्या एका लग्नासाठी आई पुण्यात आली. राहणार होती मावशीकडे. पण कार्यालयातून निघताना म्हणाली, “चल, तुझं बिऱ्हाड बघू.” रिक्षात बसल्या बसल्या सुरू झाली. तिकडचं रुखवत म्हणे भाड्याने आणलं होतं! आख्खं टेबल, सप्तपदीच्या सुपाऱ्या, मण्यांचं तोरण, सगळं तयार मिळतं आणि संध्याकाळी परत न्यायला माणूस येतो. तिला ते काही केल्या पचेना. तिच्या स्वतःच्या लग्नात क्रोशाचे रुमाल, गव्हले, मालत्या, बोटवे, सगळं तिने आणि आजीने बसून केलेलं. “रुखवत भाड्याचं? उद्या नवराही आणतील.” मी म्हटलं, “माझं फक्त घरच भाड्याचं आहे.” ती हसली नाही, पण रिक्षावाला हसला.

घरात आल्यावर तिने काही न बोलता पाहणी केली. शिडी बघितली. कांद्यांची टोपली हलवून बघितली. तव्यावरून बोट फिरवून वास घेतला. मी धिरडी, चटणी, दही असा बेत केला होता. भाकरी मला अजून जमत नाही. तिने तिसरं धिरडं संपवलं आणि विचारलं, “विरजण कुठलं?”

“खालच्या काकूंचं.”

“हं.”

रात्री पांघरायला गोधडी दिली. दिवा बंद करायच्या आधी ती चष्मा लावून टाके बघत बसली. “इथे धावदोरा मोठा का झालाय?” म्हटलं, त्या दिवशी डेडलाइन होती. बराच वेळ डाग असलेल्या कोपऱ्यावर तिचा हात होता. मग कूस बदलून झोपली.

सकाळी तिने आपली प्रवासाची पिशवी उघडली आणि आतून, टॉवेलात गुंडाळलेलं, एक पितळी पातेलं काढलं. आधी जाहीर केलं, “हे लग्नातल्यातलं नाही हं.” आजीचं होतं ते, माझ्या आईच्या आईचं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांत कोरलेलं : तिचं नाव, पुढे ‘मामाकडून’, आणि शके १८८३, म्हणजे १९६१. तेव्हा कार्याला शेजारपाजारची भांडी गोळा व्हायची, ओळखू यावीत म्हणून नावं घालायचे. आतून मात्र कल्हई पार गेली होती. तशा भांड्यात आमटी केली तर कळकणार. म्हणून आम्ही दोघी निघालो कसब्यात, तांबट आळीकडे.

कल्हई तुम्ही पाहिली नसेल तर एकदा बघाच. दारावर येणारा कल्हईवाला मी लहानपणी एकदाच पाहिलाय. आधी भांडं आतून लख्ख घासलं. मग भट्टीवर तापवलं, त्यात नवसागराची पूड टाकली. पांढऱ्या धुराचा लोट, नाकात झणझणीत वास. लगेच कथलाची कांडी टेकवली. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे धातूंमध्ये फारच मवाळ. टेकवलं की थेंब पसरतो. आणि तो थेंब कापसाच्या बोळ्याने झरझर सगळीकडे फिरवायचा. दोन मिनिटांत पिवळ्याधमक पातेल्याच्या आत चांदण्यासारखं पांढरं. मग पाण्यात बुडवलं. चर्रर्र!

धूर निवेपर्यंत आम्ही बाहेर दगडी पायरीवर बसलो होतो. आई एकदम म्हणाली, “तुझ्या बाबांची कऱ्हाडला बदली झाली ना, ९५ साली, तेव्हा एवढंच होतं माझ्याकडे.”

“एवढंच? आणि लग्नातली?”

“ती तुझ्या आजीच्या माळ्यावर. सासूबाई म्हणाल्या, भाड्याच्या खोलीत कशाला नेतेस, पोचे पडतील. इथे सांभाळून राहतील.”

“मग?”

“मग काय? आईला कळलं. तिने हे दिलं पिशवीत घालून. दोन वर्षं भात यातच, वरण यातच. आधी भात काढून ठेवायचा, मग वरण.”

“आणि ती भांडी?”

“निम्मी वाटणीत गेली,” आई म्हणाली आणि उठली, कारण आतून हाक आली होती.

स्वारगेटला सांगलीची गाडी लागलेली होती. तिला खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी, हातात पातेलं, अजून कोमट. कंडक्टर चढला तशी ती खिडकीतून वाकली.

“ताटं किती लागतात तुला?”

मला आधी कळलंच नाही. “दोन... नाही, चार. कुणी आलं-गेलं तर.”

“चार पाठवते. दोन राहतील वर.” गाडी सुरू झाली. “वाट्या?”

“सहा!” मी गाडीबरोबर चालत होते.

“आणि परात ने, कणीक काय त्या डब्यात भिजवतेस,” ती ओरडून म्हणाली. गाडी वळायला लागली होती. “डबे मात्र नाही देणार हं! डबे लग्नात!”